यमुनाबाईंची लाकडं

सडेवाडी, आंजर्ले
४ जून

ती. काकांस,
मृणालीचा नमस्कार.

मी सुखरूप आहे. तुम्ही आधी तेवढंच शोधाल म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं. आता बाकीचं सावकाश वाचा.

काल दुपारी वादळ आमच्यावरून गेलं. चार तास वारा होता. मोबाइलचा टॉवर मध्यातून वाकला आहे, त्यामुळे फोन नाही. वीज नाही, आणि ती कधी येईल हे सांगायलाही कुणी नाही. गुरुप्रसाद नावाचे एक टेम्पोवाले मेणबत्त्या आणि ताडपत्र्या घेऊन आज संध्याकाळी खालच्या वळणापर्यंत पोचले, रस्त्यातली झाडं कापत कापत. ते उद्या रत्नागिरीला परत जातात आणि त्यांची बहीण भाट्याला तुमच्याजवळच राहते, म्हणून हे पत्र. छातीच्या दुखण्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही, तेव्हा तुम्ही मला रोज एक पत्र लिहायला लावायचात, पलीकडच्या खोलीत बसलेल्या तुम्हालाच. त्यानंतरचं हे पहिलं.

माणूस कुणी गेलं नाही. मी जिथे भाड्याने राहते त्या यमुनाबाईंच्या पडवीवर फणस पडला. वाडीतल्या सुपाऱ्या तर कुणीतरी विंचरल्यासारख्या आडव्या झाल्या आहेत, सगळ्या एकाच दिशेला. पण लिहायचं कारण वेगळं आहे. अकरा घरांचं पावसाळ्याचं भात भिजलंय. कौलं फुटून कणग्यांमध्ये पाणी गेलं. आज वाडीतल्या लवूच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागली, ताप भरल्या अंगासारखी. तीन दिवसांत मोड येतील आणि मग सगळं कुजेल. हे भात गेलं तर दिवाळीपर्यंत ही माणसं काय खाणार?

मी शिकले तसं सांगितलं, पातळ पसरून वाळवा. यमुनाबाई म्हणाल्या, "आभाळ बग गो. कच्चं भात या हवेत वाळायच्या आधी उगवेल. त्यापेक्षा उकडून टाकू. उकडा तांदूळ करायला आपण भात भिजत घालतोच ना? यंदा देवानं भिजवून दिलंन."

इतकं सोपं मला सुचलं नव्हतं. उकडलेल्या भाताला निदान मोड येत नाहीत. पण उकडायचं कशावर? दापोलीतून गॅस येत नाही. वाडीतले चार सिलिंडर रिकामे आहेत आणि उरलेल्यांवर रोजचा स्वयंपाक जेमतेम होईल. रॉकेल नाही. पंपावर पेट्रोल आहे म्हणतात, पण वीज नसल्यामुळे ते वर येत नाही. पडव्यांना रचलेली सरपणं भिजून चिंब आहेत. जिकडे बघावं तिकडे लाकूड पडलंय आणि जाळायला लाकूड नाही.

तुम्ही तीस वर्षं नारळ संशोधन केंद्रात माडांमध्ये काढलीत. वाळकं जळण कुठे मिळेल ते सांगा. कृषी सहायक म्हणून सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला अजून धड चूल पेटवता येत नाही.

तुमची,
मृणाली


भाट्ये
५ जून

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

पहिली ओळ वाचली, चहा ठेवला, मग बाकीचं वाचलं.

आमच्याकडे थोडक्यात निभावलं. माझे दोन माड गेले, शेजाऱ्यांचे पत्रे गेले. पेट्रोलची रांग पुलापर्यंत आहे आणि रांगेतला प्रत्येक जण आपल्याला डॉक्टरकडेच जायचंय असं सांगतो. माझी काळजी करू नकोस. सिलिंडर परवाच भरून आला आहे.

वाळकं जळण बाहेर शोधू नकोस, घरात शोध. माळ्यावर, गोठ्याच्या आढ्यावर, न्हाणीच्या मागे. करवंट्या तर कुठलीच बाई टाकत नाही. माझ्याकडेही दोन पोती नुसती पडून होती, ती गुरुप्रसादबरोबर पाठवली आहेत. पण एक लक्षात ठेव. करवंटी झटकन पेटते आणि झटकन विझते. तिच्यावर चूल चालू होईल, घाणा पुरा होणार नाही. धग धरायला आंब्याचं किंवा ऐनाचं जाड लाकूडच हवं. आणि पडलेल्या ओल्या फांद्या चुलीभोवती उभ्या करून ठेवा. आज भात उकडेल त्याच आगीवर उद्याचं लाकूड थोडं तरी सुकेल.

यमुनाबाईंना मी पाहिलेलं नाही, पण भिजलेल्या भातात अर्धं झालेलं काम ज्या बाईला दिसतं तिला पुढचंही दिसेल. काम त्यांना चालवू दे. तू फक्त विचारत राहा. हे मुद्दाम लिहितो, कारण विचारायचा तुला संकोच आहे. तू मनातल्या मनात ओळखतेस आणि करून मोकळी होतेस. सगळ्यांचं सारखं व्हावं म्हणून तू जिवाचं रान करतेस ते मला ठाऊक आहे. ते चांगलंच आहे. पण ज्याचं करायचं त्याला आधी विचारावं.

इनहेलर जवळ ठेव. धुरात उभी राहू नकोस.

तुझा,
आत्माराम काका


सडेवाडी
७ जून

ती. काकांस,
सा. न.

करवंट्या काल सकाळी मिळाल्या. तुम्ही म्हणालात तसं घराघरांत शोधलं आणि मिळालंही, पण टोपलीभर इथे, टोपलीभर तिथे. देवळातलं जत्रेचं मोठं पातेलं काढलं, त्यात एका वेळी अर्धं पोतं भात मावतं. घरागणिक दोन पोती, म्हणजे चाळीसेक घाणे. आमच्या जळणात चार घाणे निघाले असते.

मी कागदावर हे मांडत बसले होते तेव्हा यमुनाबाईंनी हाक मारली, "ये गो जरा मागं."

घरामागे त्यांची एक बुटकी खोप आहे. मला वाटायचं तिथे गोवऱ्या असतील. आत दगडांवर, मध्ये वारा खेळता राहील अशी आडवी-उभी रचलेली आंब्याची लाकडं होती. वर प्लास्टिक. एक ढलपी दुसरीवर आपटली तर टणटण वाजली.

"ही कसली?"

"माझी."

"म्हणजे?"

"मी गेल्यावर लागतील ती. तीन वर्षं झाली रचून. माझी सासू आषाढात गेली. लाकडं सगळी भिजलेली. दुपारी नेलंन तिला, संध्याकाळ झाली तरी पेटेना. रॉकेल ओतून ओतून आमच्या ह्यांना रडायला पण सवड मिळाली नाय. तवाच म्हटलं, आपलं आपण करून ठेवायचं. लोकांना त्रास नको."

मी म्हटलं, "काकी, ही नकोत."

"का? मी आज मरत्ये काय? आणि ही अकरा घरं उपाशी राहिली तर मला खांद्यावर घ्यायला कोण येणार, लाकडं?"

काका, त्यांच्या वयाला मी पोचले तर माझ्यासाठी राखलेली एखादी गोष्ट अशी काढून देईन का, याचा मी कालपासून विचार करते आहे. 

लाकडं देवळासमोर आणली तेव्हा कुजबुज झाली. रावजी म्हणजे वाडीतले सर्वांत जुने गृहस्थ. ते म्हणाले, "मसणात न्यायच्या लाकडावर शिजवलेलं आम्ही खायचं?"

यमुनाबाई पदर खोचत म्हणाल्या, "आपण कुणासाठी तुटलो ते लाकडाला काय ठाऊक, रावजीभावजी? तुम्ही सांगू नका म्हणजे झालं."

 पुढचा भारा रावजींनीच उचलून आणला. लवू म्हणाला, "काकी, आता दोन उन्हाळे तुला मरायची परवानगी नाय."

"तुझ्या परवानगीसाठी कोण खोळंबलाय? पातेल्याला हात लाव."

आता काम कसं चाललंय ते लिहिते, तुम्हाला आवडेल. यमुनाबाईंनी चर खणून घेतला आणि एका आगीवर दोन भांडी बसवली. पुढच्यात भात उकडतं, मागच्यात पुढच्या घाण्याचं नुसतं तापत राहतं. घाणा निघाला की गरम पाणी फेकत नाहीत, त्यातच पुढचा घालतात. तोंडावर ओलं गोणपाट. एका घाण्याला पाच लाकडं, सहावं कुणाला लावू देत नाहीत. झालं की नाही ते झाकण न काढता वासावरून सांगतात, आणि मी मुद्दाम बघितलं, दर वेळी पहिल्या दाण्याचं टरफल तेव्हाच उकललेलं असतं. फांद्याही उभ्या केल्या आहेत, तुमचं नाव सांगून. "काका शहाणे दिसतात तुझे," असं म्हणाल्या.

एकच गोष्ट मला पटलेली नाही. कुणाचं भात आधी यावरून तंटा नको म्हणून मी अकरा चिठ्ठ्या केल्या होत्या. यमुनाबाईंनी स्वतःची चिठ्ठी उचलली आणि चुलीत टाकली. "माझं शेवटी." लाकडं त्यांची आणि भात शेवटी. लाकडं पुरली नाहीत तर? मला हे बघवत नाही.

तुमची,
मृणाली

ता.क. इनहेलर खिशात असतो.


सडेवाडी
९ जून

ती. काकांस,
सा. न.

झालं. आज सकाळी शेवटचा घाणा निघाला. अकराही घरांचं भात उकडून झालं. लाकडं पुरली, म्हणजे शेवटचे तीन घाणे सुकवलेल्या फांद्यांवर निघाले, धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले, पण निघाले. काल आणि आज ऊनही चांगलं पडलं. वाऱ्याने उडालेले पत्रे गोळा करून लवूने ते खळ्यावर अंथरले आणि त्यावर भात घातलं. पत्रे तापतात, त्यामुळे झपाट्याने वाळतंय. जे उडाल्याने घरं उघडी पडली तेच पत्रे आता असे कामाला आले. गिरणी चालू व्हायला डिझेल लागेल, पण वाळलेलं भात वाट बघू शकतं.

यमुनाबाईंचं शेवटी राहिलं नाही. काल दुपारीच होऊन गेलं.

बियाण्याचं तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. दहा घरांच्या बियाण्याच्या मुड्या चुलीवरच्या आढ्याला टांगलेल्या होत्या. काही वरून ओलावल्या, पण पेंढ्याने घट्ट बांधलेल्या असल्यामुळे बहुतेक बियाणं वाचलं. ज्याला मोड दिसू लागले आहेत ते लगेच चिखलावर फेकता येईल, म्हणजे मोड आलेल्या दाण्यांचं रहू पेरता येईल, म्हणून मी घरोघर जाऊन सांगितलं.

नुकसानीचे पंचनामे उद्यापासून सुरू. गॅसची गाडी पुढच्या आठवड्यात येईल अशी अफवा आहे. मी बरी आहे. जेवण थोडं कमी जातंय, ते दमल्यामुळे असेल.

तुमची,
मृणाली


भाट्ये
११ जून

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

सात तारखेचं तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेजारच्या दीपकलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, अशा बाईला बघायला जाऊ. पेट्रोल मिळालं की जाऊ म्हटलं.

नऊ तारखेचं पत्र मात्र एकट्याने वाचलं.

तू लहान असताना मी तुला शुद्धलेखन घालायचो. जो शब्द येत नसे तो तू गाळायचीस, आणि पुढचं वाक्य इतक्या सुबक अक्षरात लिहायचीस की गाळलेल्या जागेकडे लक्ष जाऊ नये. माझं लक्ष नेमकं त्या सुबक वाक्याकडे जायचं.

वाडीत घरं अकरा. बियाणं तू दहा घरांचं लिहिलंस. यमुनाबाईंबद्दल आधीच्या पत्रात पानभर होतं, या पत्रात एक ओळ. ज्यांनी "माझं शेवटी" म्हणून चिठ्ठी जाळली त्यांचं भात मध्येच कसं झालं, ते लिहिलं नाहीस. मी अंदाज करतो आहे, आणि अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

चुकला नसेल तर ऐक. तू त्यांच्यासाठीच केलं असशील, यात मला शंका नाही. म्हणूनच तुला ते सांगणं जड जातंय. वाईट हेतूने केलेली चूक कबूल करून माणूस मोकळा होतो. चांगल्या हेतूने केलेली माणूस कुरवाळत बसतो. पण पेरणीचे दिवस आले. तू जितके दिवस गप्प बसशील तितके दिवस त्या बाई नसलेल्या बियाण्याच्या भरवशावर राहतील. आज सांगितलंस तर त्यांना काही करता येईल, आठवड्याने सांगितलंस तर नुसतं ऐकता येईल.

केंद्रात असताना मी एकदा रोपांच्या दोन ओळींच्या पाट्यांची अदलाबदल केली होती आणि चार महिने बोललो नाही. त्या चार महिन्यांत मला कुठलाही माड सरळ दिसला नाही.

तुझा,
आत्माराम काका


सडेवाडी
२२ जून

ती. काकांस,
सा. न.

तुमचा अंदाज चुकला नाही.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाईंना सांगितलं. आधी सगळं तुम्हाला लिहिते, काही न गाळता.

आठ तारखेला दुपारी यमुनाबाई झऱ्यावर अंघोळीला गेल्या होत्या. लाकडं निम्म्यावर आली होती. पुढचं पातेलं रिकामं झालं आणि ज्यांची पाळी होती त्यांचं भात अजून यायचं होतं. मला वाटलं, हीच वेळ. त्या असत्या तर करू दिलं नसतं, म्हणून त्या नसतानाच. पडवीत पडलेल्या कौलांखालच्या तीन लहान मुड्या मी स्वतः ओढून काढल्या, पेंढा सोडला आणि भात दोन्ही भांड्यांत ओतलं. मला फार बरं वाटलं, काका. न्याय केल्यासारखं वाटलं.

दोन मुड्या खाण्याच्या होत्या आणि एक बियाण्याची. बियाण्याच्या मुडीवर त्या चुन्याचा ठिपका देतात. तो पावसात धुऊन गेला होता. मी विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. बियाणं कसं राखावं यावर माझी परीक्षा झाली आहे, आणि चांगले गुण आहेत.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ठिपक्याची मुडी कुठं ठेवलीस गो?" मी म्हटलं, "बघते." पुढचे चार दिवस त्या रोज एकदा विचारायच्या आणि मी रोज "बघते" म्हणायचे.

सांगितलं तेव्हा त्या उंबऱ्यात बसून पडलेल्या फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

"किती उकडलं?"

"एक मुडी."

"म्हणजे सगळं." दोन-तीन आठळ्या सोलून झाल्यावर म्हणाल्या, "लाल भात होतं ते. माझ्या माहेरचं, कोळथऱ्याचं. तिथं आता कोण लावत नाय. तिकडं नोकऱ्या करतात सगळे."

मी माफी मागितली. त्यांनी "हं" केलं.  दुपारी नेहमीसारखं मला आधी वाढलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी जेवले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात सूप दिलं. "चल."

"कुठे?"

"बियाणं मागायला. उकडलंस तू, तर मागशील पण तू. मी नुसती संगती येत्ये."

मी दहा घरं फिरले. प्रत्येक दारात मला सांगावं लागलं, मी यमुनाकाकींचं बियाणं उकडलं, ओंजळभर द्या. त्या मागे काठी टेकून उभ्या असायच्या, माझ्या बाजूनेही बोलायच्या नाहीत आणि विरुद्धही नाही. पहिल्या घरी लवू म्हणाला, "सरकारनं बियाणं उकडलं? आजवर नुसतं वेळेवर द्यायला विसरायचं." त्याच्या बायकोने त्याला आत पाठवलं आणि दोन ओंजळी घातल्या. रावजींनी सूप हातातून घेतलं, आत जाऊन आले, परत दिलं आणि मला म्हणाले, "पाणी पिऊन जा." तिथून पुढे सांगणं सोपं झालं. शेवटच्या घरी तर मी सरळ सांगून मोकळी झाले, आणि त्या घरातल्या सूनबाईने तिच्या सासूपासून लपवलेली एक चूक मला कानात सांगितली. ती इथे लिहीत नाही, कारण ती माझी नाही.

घरी येऊन सूप बघितलं तर दहा प्रकारचं भात. कुणाचं हळवं, कुणाचं गरवं, कुणाचं गेल्या वर्षी आमच्याच ऑफिसने दिलेलं. निम्म्याला मोड आलेले. मला राहवलं नाही.

"काकी, असं मिसळून पेरत नाहीत. हळवं दसऱ्याला पिकून गळायला लागेल तेव्हा गरवं हिरवंच असेल. मी दापोलीहून एकाच वाणाची पिशवी आणते."

"आण की. रस्ता होईल, पेट्रोल येईल, ऑफिस उघडेल, मग तुझी पिशवी येईल. या मोडांना तेवढी उसंत हाय काय?"

"पण कापणार कसं?"

"पिकेल तसं. हळवं आधी, गरवं मग. दोनदा वाकायचं."

"दाणे गळतील."

"गळू देत. चिमण्यांचं पण घर उडालंय वादळात."

हे पुस्तकात बसत नाही. मी तरीही गप्प बसले, आणि या वेळी गप्प बसणं मला बोचलं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्या खाचरात चिखल केला आणि रहू पेरलं. त्यांनी मला बांधावर उभं ठेवलं नाही. "उतर," म्हणाल्या, आणि ओंजळ कशी उघडायची ते दाखवलं. बोटं सैल, मनगट नाही. मी फेकलेलं एका जागी दाट पडलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

ऑफिसला मी झालेला प्रकार लेखी कळवला आहे. साहेब अजून काही म्हणाले नाहीत. यमुनाबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना कशाला? त्यांचं काय उकडलंस?"

लाकडांचं मीच विचारलं. खोप आता पूर्ण रिकामी आहे. त्या म्हणाल्या, "यंदाचा पावसाळा मरायचं नाय, एवढंच." आणि हसल्या. तुम्ही इथे असतात तर तुम्हाला कळलं असतं मी त्यांच्याबद्दल इतकं का लिहिते. त्या मोठ्या मनाच्या आहेत म्हणून नव्हे. मोठ्या मनाच्या माणसाने मला माफ केलं असतं आणि मी आयुष्यभर ओशाळलेली राहिले असते. त्यांनी मला सूप दिलं.

आणखी एक. गॅसची गाडी शनिवारी आली. गुरुप्रसाद रांगेत भेटले. तुम्ही सिलिंडर परवाच भरून आलाय असं लिहिलं होतंत. ते म्हणाले, आत्मारामकाकांचा सिलिंडर वादळाच्या आधीच संपलेला, आणि आम्हाला पाठवलेली दोन पोती करवंट्या म्हणजे तुमचं स्वतःचं महिन्याचं जळण होतं. तुम्ही आठ दिवस झावळ्या जाळून पेज केलीत. काका, शब्द गाळायला मी कुणाकडून शिकले ते आता कळलं. मी रागावले आहे. करवंट्यांवर पहिले तीन घाणे निघाले, तेही कळवते.

रोपं वर आली आहेत. दाट तिथे दाट, विरळ तिथे विरळ. रंगही एक नाही, काही पोपटी, काही गडद. सकाळी यमुनाबाई बांधावर उभ्या राहून कुठलं कुणाच्या घरचं ते ओळखायचा प्रयत्न करतात आणि मला विचारतात. मला अजून एकही ओळखता येत नाही.

कापणी एकदा दसऱ्याच्या सुमाराला होईल आणि एकदा दिवाळीत. दोन्ही वेळा त्यांनी मला धरलं आहे. मला विचारलं नाही, पण मी हो म्हणून सांगितलं. तेव्हा यंदा दोन्ही सणांना मी घरी येणार नाही. तुम्हीच इकडे या. दीपकलाही आणा. विळे इथे तीनच आहेत, त्यामुळे आपापले घेऊन या.

तुमची,
मृणाली